शेगडीभोवतीची पंगत

परदेशातून परतलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. थंडी कितपत होती, आणि खाण्याचे काय केलेत? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकताना विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर कीव तरी असते किंवा हेवा तरी. ‘तिकडे काय, सगळे अर्धेकच्चे खातात’ असे म्हणणारे जसे आहेत, तसेच ‘ते लोक बघा कसे सडपातळ, सारे त्यांच्या खाण्यातच आहे’ असे म्हणणारेही आहेत. कोरियन मालिका घरोघरी मोबाईलवर दिसू लागल्यापासून या दुसऱ्या गटाची संख्या वाढली आहे. दवाखान्यात येणाऱ्या कॉलेजच्या मुली मला किमचीचे गुण सांगतात आणि त्यांच्या आया हळूच विचारतात, ‘डॉक्टर, ते मधुमेहाला चालतं का हो?’

अमुक देशाचे जेवण आरोग्याला चांगले आणि तमुक देशाचे वाईट, ही वाटणी मला कधीच पटलेली नाही. माणूस ते जेवण कसे जेवतो, किती जेवतो, कोणत्या औषधावर असताना आणि केव्हा जेवतो, यावर सारे अवलंबून असते. गेल्या वर्षी अमेरिकेत आम्ही काही जुने मित्र एका कोरियन हॉटेलात जेवायला गेलो होतो. जेवण उत्तम होते. तरीही त्याच टेबलावर आमच्यातील एकाच्या जिवावर बेतता बेतता राहिले, आणि त्यात त्या अन्नाचा दोष काडीचाही नव्हता. मुलाकडे परदेशी जाणाऱ्या आणि इथेही बाहेर जेवणाऱ्या मधुमेही वाचकांनी ते समजून घ्यावे, म्हणून आजचा विषय.

लॉस एंजेलिस शहरात, मुख्य पेठेच्या पश्चिमेला, कोरियन लोकांची मोठी वस्ती आहे. तिला कोरियाटाऊन असेच म्हणतात. १९६५ साली अमेरिकेने स्थलांतराचा कायदा बदलला, आशियातील लोकांना दारे मोकळी झाली, आणि पुढच्या वर्षांत ही वस्ती वाढत गेली. रस्त्यावरच्या पाट्या कोरियन लिपीत, आणि हॉटेले रात्री उशिरापर्यंत चालू. तिथे स्थायिक झालेल्या एका वर्गमित्राने आम्हा चौघा जोडप्यांना शनिवारी संध्याकाळी तिथे नेले.

या जेवणाची तऱ्हा अशी. टेबलाच्या मध्यभागी खळगा असतो आणि त्यात शेगडी. काही ठिकाणी लाकडी कोळशाचे निखारे आणून ठेवतात, काही ठिकाणी खाली गॅस असतो. वर जाळी किंवा जाड तवा. धूर ओढून घेणारे नळकांडे टेबलावर लोंबत असते. मांस कच्चेच आणून देतात आणि ते आपण, किंवा वाढणारी बाई, सर्वांसमक्ष भाजते. लांब चिमट्याने मांस उलटायचे आणि चक्क कात्रीने त्याचे तुकडे करायचे. आमच्या बायकांना प्रथम हसू आले. पण दोन मिनिटांत त्यांचेही म्हणणे पडले की सुरीपेक्षा ही कात्री सोयीची.

मांस येण्याआधी दहा-बारा छोट्या वाट्या टेबलावर येतात. त्यांना बानचान म्हणतात. किमची तर असतेच. किमची म्हणजे कोबीसारखी एक लांबट भाजी मिठात मुरवून, लाल तिखट, लसूण, आले लावून आंबवलेली. शिवाय मोडाच्या सोयाबीनची कोशिंबीर, तीळ लावलेला पालक, मुळ्याचे लोणचे, काकडी, बटाटा, समुद्रातले शेवाळ. या वाट्या संपल्या की पुन्हा भरून मिळतात आणि त्याचे वेगळे पैसे नसतात. सोबत पानांची टोपली येते. त्यात सॅलडची हिरवी पाने आणि केन्निप नावाची दातेरी पाने असतात. केन्निप हे तुळशीच्या कुळातील झाड. वास उग्र, पण मला आवडला. पान तळहातावर घ्यायचे, त्यावर मांसाचा एक तुकडा, भाजलेल्या लसणाची पाकळी आणि आंबवलेल्या सोयाबीनची थोडी चटणी ठेवायची, पुडी वळायची आणि विड्यासारखी एका घासात तोंडात टाकायची. या पुडीला स्साम म्हणतात.

मांसात दोन प्रकार. एक नुसते, काही न लावलेले. साम्ग्योप्साल हे डुकराच्या पोटाचे चरबीचे थर असलेले मांस त्यातले सर्वांत लोकप्रिय. दुसरे मुरवलेले. गाल्बी म्हणजे बरगड्यांचे मांस आणि बुल्गोगी म्हणजे पातळ कापांचे. त्यांना सोया सॉस, साखर, लसूण, तिळाचे तेल आणि कोरियन नासपतीचा रस लावून ठेवतात. मधुमेही माणसाने इथे लक्षात ठेवावे की तिखट-खारट दिसणाऱ्या या मांसात साखर असते, आणि सोबतच्या काही वाट्यांतही ती असते. प्रमाण फार नसते, पण ‘गोड काही खाल्लेच नाही’ असे म्हणण्यात अर्थ नाही.

मला या पंगतीत आवडली ती तिची चाल. भाजायला वेळ लागतो, त्यामुळे माणूस सावकाश जेवतो. एका वेळी एकच घास तयार होतो आणि त्या घासात मांसाइतकेच पान असते. मधल्या वेळात हात वाट्यांकडे वळतो आणि न कळत भाज्या पोटात जातात. पोट भरल्याची जाणीव मेंदूला व्हायला वीसेक मिनिटे लागतात. आपल्या लग्नाच्या बुफेत तेवढ्या वेळात माणूस दुसरी थाळी संपवून आइस्क्रीमच्या रांगेत उभा असतो. आधी भाज्या व प्रथिने आणि शेवटी भात अशा क्रमाने जेवल्यास जेवणानंतरची रक्तातील साखर कमी चढते, असे गेल्या काही वर्षांतील अभ्यासांत दिसले आहे. कोरियन लोक अशा पंगतीत भात किंवा नेंगम्यॉन नावाच्या थंडगार शेवया बहुधा शेवटीच घेतात. मधुमेह नुकताच लागलेल्या, केवळ पथ्यावर किंवा मेटफॉर्मिनच्या गोळीवर असलेल्या माणसाला हा क्रम चांगला. इन्सुलिन घेणाऱ्याची गोष्ट वेगळी, त्याकडे पुढे येतोच.

ही चाल बिघडवणारी एक पद्धत मात्र त्या शहरात फार बोकाळली आहे. ठराविक पैसे भरा आणि हवे तितके मांस मागा. अशा हॉटेलात बहुधा दीड-दोन तासांची मुदत असते, आणि ताटात मांस उरले तर वेगळा आकार लावतात. मग काय होते? वाट्या आणि पाने बाजूला पडतात आणि पैसे वसूल करण्याची स्पर्धा लागते. शेजारच्या टेबलावर सहा तरुण होते. त्यांच्या पानांच्या टोपलीला हातही लागला नव्हता आणि मांसाच्या ताटांची मात्र चळत लागली होती. हे कोरियन जेवण नव्हे, ही खाण्याची पैज आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. जागतिक कर्करोग संशोधन निधीची शिफारस अशी की लाल मांस, म्हणजे बोकड, डुक्कर, गाय यांचे मांस, आठवड्याला शिजवलेल्या वजनात ३५० ते ५०० ग्रॅमच्या वर जाऊ नये. पैजेच्या टेबलावर आठवड्याचा हा वाटा एका बैठकीत संपतो. आमच्या मित्राने नेलेले हॉटेल वेगळ्या पद्धतीचे, ताटावर पैसे घेणारे होते, हे आमचे नशीब.

कर्करोगाचा विषय निघाला म्हणून दोन शब्द. २०१५ च्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सॉसेज, बेकन यांसारखे प्रक्रिया केलेले मांस पहिल्या गटात, म्हणजे कर्करोगाला निश्चित कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींत घातले. लाल मांस त्याखालच्या, ‘बहुधा कारणीभूत’ या गटात घातले. त्या वेळी ‘मांस तंबाखूइतकेच घातक’ अशा बातम्या आल्या, त्या चुकीच्या होत्या. हा गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाणाऱ्याला आतड्याच्या कर्करोगाचा धोका मुळातल्या धोक्यापेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. तंबाखूचा हिशेब याहून कितीतरी भयंकर आहे. जिल्ह्यात गल्लोगल्ली गुटख्याच्या पुड्या मिळत असताना आपण वर्षातून एकदा खाल्लेल्या मांसाची चिंता करावी, हे मला पटत नाही.

मात्र जाळीवर करपलेल्या काळ्या भागाबाबत सावध राहणे शहाणपणाचे. प्रखर आचेवर मांस भाजताना त्यात काही घातक रसायने तयार होतात. चरबी निखाऱ्यावर ठिबकून जो धूर उठतो, त्यातली रसायने पुन्हा मांसावर बसतात. प्राण्यांवरील प्रयोगांत त्यांनी कर्करोग होतो. माणसांतील पुरावा तितका पक्का नाही. तरीही उपाय इतके सोपे आहेत की ते न करण्याला कारण नाही. मांस सारखे उलटत राहावे. ज्वाळा उठल्या की ते बाजूला घ्यावे. करपलेला भाग कात्रीने कापून टाकावा. जाळी काळी पडली की बदलून मागावी. आमच्या टेबलावर ती तीनदा बदलली आणि तीही न सांगता. साखर लावलेले मांस जाळीवर लवकर करपते, म्हणून जाणते लोक आधी नुसते मांस आणि मग मुरवलेले भाजतात.

माझ्या मते करपण्यापेक्षा मोठा धोका चिमट्याचा. कच्चे मांस ज्या चिमट्याने जाळीवर ठेवले, त्यानेच शिजलेला तुकडा उचलून पानावर ठेवला, तर कच्च्यातील जंतू थेट पोटात. काही जण तर जेवायच्या काड्यांनीच कच्चे मांस पसरतात आणि त्याच काड्या तोंडात घालतात. दोन चिमटे मागून घ्यावेत, एक कच्च्याचा आणि एक शिजलेल्याचा. कोंबडी आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला शिजली पाहिजे. डुकराचे मांस अमेरिकन सरकारच्या नियमानुसार ६३ अंशाला शिजवून तीन मिनिटे थांबून खावे. टेबलावर मोजायचा थर्मामीटर नसतो, तेव्हा आत गुलाबी राहिले नाही, इतके भाजून घेतलेले बरे. कच्च्या मांसाची चटकदार कोशिंबीरही कोरियन पाककलेत आहे. ती खाण्याचा मोह आवरावा. २०११ साली जपानमध्ये अशाच भाजक्या मांसाच्या हॉटेलांतून कच्चे मांस खाऊन शेकडो नाही तरी दीडशेहून अधिक लोक आजारी पडले आणि पाच जण दगावले. जंतू ई. कोलाय जातीचा होता. पुढच्या वर्षी जपानने गाईचे कच्चे काळीज हॉटेलात वाढण्यावर बंदीच घातली. गरोदर स्त्रिया, म्हातारी माणसे आणि लहान मुले यांना तर असे काही चाखायलाही देऊ नये.

आता मुख्य गोष्ट. आमच्यातील एक मित्र, पेशाने इंजिनिअर, आता निवृत्त, भारतातूनच मुलीकडे आला होता. मधुमेह पंधरा वर्षांचा. सकाळ-संध्याकाळ ३०/७० मिश्रणाचे इन्सुलिन घेतो, जेवणाआधी अर्धा तास. माणूस अत्यंत शिस्तीचा. सात वाजता टेबल ठरले होते, म्हणून त्याने साडेसहाला मोटारीतच सुई टोचून घेतली. हॉटेलच्या दारात शनिवारची गर्दी होती. टेबल मिळायला पाऊणेआठ वाजले. मग निखारे आले, वाट्या आल्या, मांस आले. तोपर्यंत पोटात गेले ते काकडीचे दोन तुकडे, थोडी किमची, आणि आग्रहाखातर सोजूचे दोन छोटे पेले. भात मागवू या, असे त्याच्या पत्नी म्हणाल्या, तर हा म्हणाला, ‘रात्री भात बंद आहे माझा. मांस आहे की भरपूर.’

साडेआठच्या सुमारास तो बोलेनासा झाला. कपाळावर घाम आला, पण शेगडीसमोर घाम सर्वांनाच आला होता. काडीतून मांसाचा तुकडा निसटला, पुन्हा निसटला. एक जण हसून म्हणाला, ‘लेका, दोनच पेल्यांत चढली की तुला!’ त्यावर त्याने जे उत्तर दिले त्याचा अर्थ लागेना. मी त्याचा हात धरला, तो थंडगार व ओला होता. मी विचारले, ‘वहिनी, याने सुई किती वाजता घेतली?’ साडेसहा हे उत्तर ऐकल्यावर पुढचे काही विचारायची गरज नव्हती. वहिनींच्या पर्समध्ये साखर मोजायचे यंत्र होते. आकडा आला ५४. सत्तरच्या खाली म्हणजे साखर कमी झाली असे आपण धरतो.

वाढणाऱ्या बाईला ‘शुगर, शुगर’ एवढे सांगितले. ती प्रौढ कोरियन बाई क्षणभर त्याच्या चेहऱ्याकडे पाहून आत गेली आणि जेवणानंतर देतात तो शिख्ये नावाचा तांदळाचा गोड थंड पेय-प्रकार आणि साखरेच्या पुड्या घेऊन आली. तो गिळू शकत होता, म्हणून आधी पाण्यात साखर विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी साखर ७८. मग शिख्ये आणि वाटीभर भात. आणखी अर्ध्या तासाने तो ‘मला काय झाले होते?’ असे विचारू लागला. ती रात्र त्याच्या मुलीच्या घरी दोनदा उठवून साखर तपासली, कारण अशा प्रसंगी ती पहाटे पुन्हा उतरू शकते.

आता यात काय काय जुळून आले ते पाहा. इन्सुलिन घड्याळाच्या वेळेला घेतले आणि अन्न मात्र त्याच्या वेळेला आले नाही. भात टाळला. मांसाने पोट भरते, पण रक्तात साखर लगेच येत नाही. आणि रिकाम्या पोटी दारू. साखर उतरू लागली की आपले यकृत नवी साखर बनवून रक्तात सोडते, हा शरीराचा राखीव साठा. दारू पोटात असली की यकृत तिचा निचरा करण्यात गुंतते आणि साखर बनवण्याचे काम मंदावते. त्यातून साखर उतरल्याची लक्षणे आणि दारू चढल्याची लक्षणे सारखीच दिसतात. घाम, हात कापणे, असंबद्ध बोलणे, झोकांडी जाणे. आजूबाजूचे हसतात, घरी नेऊन झोपवतात, आणि माणूस सकाळी उठत नाही. इथल्या धाब्यावरही हे असेच होऊ शकते. त्यासाठी लॉस एंजेलिसला जावे लागत नाही.

म्हणून बाहेर जेवायला जाताना जेवणाआधीचे इन्सुलिन घरी किंवा गाडीत घेऊ नये. सोबत न्यावे, आणि अन्न समोर दिसू लागल्यावर घ्यावे. जे जेवण टेबलावर शिजते तिथे तर हे फारच महत्त्वाचे. अर्धा तास आधी घ्यायच्या इन्सुलिनबाबत आणि लवकर काम करणाऱ्या नव्या इन्सुलिनबाबत वेळा वेगळ्या असतात, त्या प्रवासाला निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. मिश्र इन्सुलिन घेतलेल्याने भात-भाकरी पूर्ण बंद करणे हा शहाणपणा नव्हे. रोजच्याइतका वाटीभर भात सुरुवातीपासून घासाघासाने खावा. मघाशी जो ‘भात शेवटी’ हा क्रम मी वाखाणला, तो अशा माणसाला तासभर उपाशी ठेवत असेल तर सोडून द्यावा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या घेणाऱ्यांनाही हीच सूचना लागू आहे, कारण त्या गोळ्याही अन्न न मिळाल्यास साखर खाली आणतात.

साखर उतरलीच तर शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी, किंवा नेहमीचे गोड शीतपेय पाऊण-एक पेला. ‘डाएट’ लिहिलेले पेय काही कामाचे नाही, त्यात साखरच नसते. चॉकलेट, बर्फी यांतील चरबीमुळे साखर रक्तात सावकाश जाते, म्हणून ती पहिल्या क्षणी देऊ नयेत. जे व्होग्लिबोस किंवा अकार्बोस घेतात, आणि आपल्याकडे असे पुष्कळ आहेत, त्यांना घरातील साखर लवकर लागू पडत नाही. त्यांनी ग्लुकोज पावडरची पुडीच खिशात ठेवावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, कमीच असेल तर पुन्हा द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही ओतू नये. त्याला कुशीवर वळवावे आणि रुग्णवाहिका बोलवावी. अमेरिकेत ९११, आपल्या महाराष्ट्रात १०८. आणखी एक, मधुमेह ही लपवण्याची बाब नव्हे. बरोबरच्या किमान एकाला तरी ‘मी इन्सुलिनवर आहे’ हे ठाऊक असावे. आमच्या या मित्राबरोबर आम्ही तिघे पस्तीस वर्षे वावरलो, पण तो सुई घेतो हे दोघांना त्या रात्री प्रथम कळले.

सोजूबद्दल थोडे. ती पाण्यासारखी दिसते, छोट्या पेल्यात मिळते आणि गोडसर लागते, म्हणून अंदाज चुकतो. तिच्यात मद्यार्क साधारण १६ ते २० टक्के असतो आणि हिरवी बाटली ३६० मिलिलिटरची. म्हणजे एका बाटलीत आपल्याकडच्या व्हिस्कीच्या सुमारे अडीच मोठ्या पेगांइतकी दारू. कोरियन शिष्टाचारात आपला पेला आपण भरायचा नसतो, दुसऱ्याने भरायचा. त्यामुळे रिकामा पेला दिसला की कोणीतरी भरतोच. नको असेल तर पेला भरलेला राहू द्यावा, कोणी वाईट मानत नाही. दारूचे निर्धोक प्रमाण असे काही नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच सांगितले आहे.

आता किमची. तिचे सामूहिक करण्याचे काम, किमजांग, २०१३ साली युनेस्कोच्या वारसायादीत गेले, आणि तो मान योग्यच आहे. पण तिला औषध समजू नये. तिच्यात मीठ भरपूर. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे ही शिफारस आहे आणि किमची, सोया सॉस, चटणी, सूप मिळून ती मर्यादा एका जेवणात ओलांडते. रक्तदाब असणाऱ्यांनी वाट्या पुन्हा भरून घेताना पालक आणि मोडाच्या वाट्या निवडाव्यात. ज्या देशांत जठराच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक आहे, त्यांत कोरिया येतो. हेलिकोबॅक्टर हा जठरातला जंतू त्याचे मोठे कारण, आणि खारवलेल्या पदार्थांचा त्याला हातभार. कोरियन लोकांनी याची लाज न धरता उपाय केला. १९९९ पासून तिथे सरकारी कर्करोग तपासणी कार्यक्रम आहे आणि चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी जठराची दुर्बिणीतून तपासणी होते. २०१२ पासून मीठ कमी करण्याची मोहीमही त्यांनी देशभर चालवली. कोरियाकडून घेण्यासारखे काय, असे विचाराल तर मी किमचीआधी ही तपासणी सांगेन. आपल्याकडेही तीस वर्षांवरील लोकांच्या तोंडाच्या, स्तनांच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत करण्याची योजना आहे. तिचा लाभ घ्यायला आपल्यातले किती जण गेले?

शाकाहारी वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे की किमचीत बहुधा माशाचा रस किंवा खारवलेली कोळंबी असते आणि साध्या टोफूच्या आमटीतही वाळवलेल्या माशांचे पाणी असू शकते. विचारून घ्यावे. आमच्यातील एका वहिनींसाठी मित्राने वेगळी जाळी मागवली. त्यावर अळंबी, कांदा, भोपळ्याच्या चकत्या भाजल्या आणि आम्ही सर्वांनी त्यावर ताव मारला. गोमांस न खाणाऱ्यांनी मागवतानाच सांगावे, कारण गाल्बी आणि बुल्गोगी बहुधा त्याचीच असते.

पुण्यातही आता अशी कोरियन हॉटेले आहेत, आणि काही हौशी मंडळी घरीच टेबलावर शेगडी मांडू लागली आहेत. त्यांना एक सूचना. हॉटेलात डोक्यावर धूर ओढणारे नळकांडे असते, ते शोभेचे नसते. पेटलेल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे दगावतात ती त्यानेच. कोळशाची शेगडी अंगणात किंवा मोकळ्या गच्चीवरच पेटवावी, हुरडा भाजतो तशी, आणि जेवण आटोपल्यावर ‘ऊब राहील’ म्हणून निखारे घरात आणू नयेत. खोलीत कोणाचे डोके दुखू लागले, मळमळू लागले, तर आधी दारे-खिडक्या उघडाव्यात, माणसांना बाहेर आणावे, आणि शेगडीचे काय करायचे ते मग पाहावे.